उतरंड आणि गुलाबी मनोरा

माँटेसरीच्या वर्गात गुलाबी मनोरा असतो. दहा लाकडी ठोकळे, सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा. मूल ते एकावर एक रचतं, पाडतं, पुन्हा रचतं. ताई शेजारी बसून नुसती पाहते. क्रम हुकला की मनोराच बेढब दिसतो, त्यामुळे ‘चुकलं’ असं कोणी सांगावं लागत नाही. आपल्या जुन्या स्वयंपाकघरांत याच तत्त्वावर उभी राहणारी वस्तू होती, ती म्हणजे उतरंड. तळाला मोठं मडकं, त्यावर त्याहून लहान, असं करत शेंड्याला एवढंसं बोळकं. क्रम बिघडला की सगळीच डगमगते. फरक एवढाच, की उतरंडीला मुलानं हात लावला तर ओरडा बसे आणि मनोरा मुलाच्याच हाती दिलेला असतो. बालकेंद्री शिक्षण एका संस्कृतीतून दुसरीत नेताना काय न्यायचं आणि काय मागे ठेवायचं, याचं उत्तर मला या फरकात दिसतं. वस्तू प्रत्येक समाजाजवळ असतात. न्यायची असते ती मुलाला दिलेली मोकळीक आणि मोठ्यांनी स्वतःला घातलेला आवर.

मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या कामगारवस्तीत पहिलं बालगृह उघडलं. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू करून ती पद्धत गुजरातीत रुजवली. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. वस्तीतली मुलं बालमंदिराच्या दाराशी येत नव्हती, म्हणून ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या प्रयोगातला. पुढे कोसबादच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या परिसरात, गुराखी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुलं जिथे गुरं चारत, तिथे शिक्षकच जात. महागड्या लाकडी साधनांच्या जागी शिंपले, खडे, बिया, पानं, काड्या आल्या.

यावर पहिला आक्षेप जाणकारांचाच असतो. माँटेसरींची साधनं मोजूनमापून घडवलेली आहेत, मूठभर शिंपले त्यांची जागा कशी घेणार? आक्षेपात तथ्य आहे. शिंपल्यांचा नुसता ढीग पुढ्यात ओतला, तर मूल घटकाभर खेळेल आणि उठेल. पण पाच जातींचे दोन-दोन शिंपले कापडाखाली ठेवून, न पाहता जोड्या लावायला सांगा. मग बोटं कडा चाचपतात, पाठीवरच्या रेषांवरून फिरतात, मूल गप्प होतं; आणि कापड उचललं की जोडी जमली की नाही हे त्याचं त्यालाच कळतं. लहानमोठ्या करवंट्या एकीत एक बसवताना तर चुकीची करवंटी आत जातच नाही. गुण लाकडात नव्हता, कामाच्या रचनेत होता. अशी रचना स्वतः बेतायची, तर ताईला मूळ पद्धत अधिकच खोलात उमगलेली असावी लागते. साधन स्वस्त म्हणून प्रशिक्षणही स्वस्तात उरकायचं, असा अर्थ कोणी काढला असेल, तर त्याला हा प्रयोग अर्धाच कळला आहे.

दुसरा आक्षेप संस्कृतीचा. मुलाच्या कलानं घेणं हे पाश्चात्त्यांचं खूळ, आपली मुलं मोठ्यांचं ऐकणारी, असं म्हटलं जातं. पण पाड्यावरचं पाच-सहा वर्षांचं पोर शेळ्या वळवतं, काटक्या वेचतं. बघत बघत, हात घालत शिकतं. त्याला समोर बसवून कोणी धडा देत नाही. रांगेत बसून एकच अक्षर गिरवण्याची सक्ती त्याच्या घरात नव्हती, ती शाळेबरोबर आली. बालकेंद्री शिक्षण स्थानिक संस्कृतीत बसवता येतं, याचा दाखलाही आहे: न्यूझीलंडनं १९९६ मध्ये बालशिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आणला, त्याचं नाव ‘ते फारिकी’, म्हणजे माओरी भाषेत विणलेली चटई. तत्त्वांचे धागे सर्वांना समान, वीण मात्र ज्या त्या केंद्रानं आपल्या मुलांकडे पाहून घालायची.

मात्र परिस्थितीशी जुळवून घ्यायचं म्हणून तिच्यापुढे मान तुकवायची, असं होऊ नये. कडेवर भावंड घेऊन दाराशी घुटमळणारी मुलगी ही गरिबीची खूण आहे. संस्कृती म्हणून तिचं कौतुक करता येत नाही. कोसबादला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. बाळ पाळणाघरात गेलं की ताईचे, म्हणजे त्या चिमुरड्या ताईचे, हात मोकळे होत. मुलांच्या जगातलं अंगण आणि शिंपले उचलले, आणि तिच्या कडेवरचं ओझं उतरवलं. हा विवेक नसेल, तर रूपांतर फसतं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. त्यामागची मोकळीक तितकी दूर पोहोचली नाही. सेविकेच्या वाट्याला आहार, वजनं, लसीकरण आणि नोंदी आल्या; मुलाशेजारी गप्प बसून पाहायला तिला वेळ कुठला? २०२३ मध्ये केंद्रानं खेळणी, कोडी, बाहुल्या असलेला ‘जादुई पिटारा’ आणला. तो चांगलाच आहे, पण मोडेल म्हणून कपाटात जपून ठेवला, तर त्याचीही उतरंड होईल. म्हणून पालकांना आणि पर्यवेक्षिकांना विनंती आहे. अंगणवाडीत गेलात की किती अक्षरं आली हे लगेच विचारू नका. मुलांचे हात कुठे कुठे पोहोचतात, ते आधी पाहा.