बटण फक्त नंबर पुढे करते

ग्राहकांच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर, म्हणजे ऑफिसात सगळे ज्याला सीआरएम म्हणतात ते, विकत घेताना अनेकांचा जीव एका छोट्या बटणावर जडतो. नावापुढच्या नंबरावर क्लिक केले की फोन लागतो, ही सोय दिसते जादूसारखी. त्यामुळे फोन सीआरएमच लावते आणि सेटिंगमध्ये एक खूण केली की काम झाले, असा समज होतो. प्रत्यक्षात ते बटण फक्त नंबर पुढे करते. साध्या मांडणीत नंबरामागे ‘टेल’ या शब्दाने सुरू होणारा दुवा असतो. तो कसा लिहायचा हे २००४ सालच्या आरएफसी ३९६६ या मानकाने ठरवले आहे. दुव्याचे म्हणणे एवढेच, की हा नंबर घ्या आणि ज्याला लावता येतो त्याने लावा. मोबाइलवर लावणारा हजरच असतो. ऑफिसातल्या कंप्युटरवर तो नसेल, तर क्लिक वाया जाते किंवा ‘कोणते ॲप उघडू?’ असा प्रश्न समोर येतो. म्हणून मांडणीची सुरुवात सीआरएमपासून नव्हे, तर लावणारा कोण या प्रश्नापासून करावी. तो कर्मचाऱ्याचा मोबाइल असेल, हेडसेट लावून ब्राउझरमध्येच बोलायचा सॉफ्टफोन असेल, किंवा टेलिफोन कंपनीचा सर्व्हर असेल. हा सर्व्हर आधी कर्मचाऱ्याला फोन करतो, मग ग्राहकाला, आणि दोघांना जोडून देतो. इंटरनेटवरून जातो म्हणून कॉल फुकट, हा समजही इथेच गळून पडतो. ग्राहकाच्या फोनपर्यंतचा शेवटचा टप्पा टेलिफोनच्या जाळ्यातूनच जातो, आणि सर्व्हरने जोडलेल्या कॉलमध्ये तर दोन कॉल असतात. दोन्हींचे पैसे लागू शकतात.

‘बटण दाबले तरी फोन लागत नाही’ ही तक्रार आली, की बोट सॉफ्टवेअरकडे जाते. दोष मात्र बहुतेकदा नंबरांच्या यादीत असतो. कुठे नुसते दहा आकडे, कुठे आधी शून्य, कुठे एकाच रकान्यात तिरकी रेघ मारून दोन नंबर, कुठे नंबरामागे ‘सायंकाळी करा’. माणूस हे सारे समजून घेऊन डायल करतो, यंत्राला ते जमत नाही. ई.१६४ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे नंबर म्हणजे देशाचा कोड आणि पुढचे आकडे, सगळे मिळून जास्तीत जास्त १५. भारतात ९१ नंतर दहाच आकडे येतात, मोबाइल असो वा लँडलाइन. पुण्याचा कोड आपण ०२० म्हणतो खरे, पण प्लस ९१ लावल्यावर ते शून्य गाळावे लागते. तरीही ‘+९१ ०२०’ असे छापलेले लेटरहेड सर्रास दिसतात. देवनागरी आकड्यांत भरलेला नंबर मराठी माणूस सहज वाचतो, पण ‘टेल’ दुव्याच्या मानकात ते आकडे बसत नाहीत. सर्वांत मोठा घात एक्सेल करते. प्लस ९१ सकट टाकलेल्या नंबराला ते साधी संख्या समजते, प्लस गाळते आणि बारा आकडे घातांकाच्या रूपात दाखवते. ती फाइल तशीच सीएसव्ही म्हणून जतन केली, की शेवटचे आकडे कायमचे गेले. तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घेणे हे पाच सेकंदांचे काम, पण ते कुणी करत नाही.

यावर कुणी म्हणेल, की आमच्या लँडलाइनवरून मोबाइलला शून्य लावल्याशिवाय फोनच जात नाही, मग यादीत शून्य का नको? हरकत रास्त आहे. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते, आणि काही ऑफिसांत बाहेरची लाइन घ्यायलाही एक आकडा आधी दाबावा लागतो. पण ही गरज लाइनची आहे, ग्राहकाच्या नंबराची नव्हे. यादीत शून्य घातले, की तोच नंबर उद्या सॉफ्टफोनवरून किंवा परदेशातून लागेलच असे नाही. शून्याचा नियम ऑफिसच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या डायलिंग सेटिंगमध्ये टाकावा. यादीत नंबर पूर्ण आणि शुद्ध राहावा.

क्लिक झाले म्हणजे कॉलची नोंद झाली, हा समज मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्यावर माणसांचे मूल्यमापन होते. ‘टेल’ दुवा एकमार्गी आहे. नंबर दिल्यावर फोन लागला का, कुणी उचलला का, बोलणे किती वेळ चालले, यातले काहीही तो परत सांगत नाही. नोंद हवी तर टेलिफोन यंत्रणा आणि सीआरएम यांची दोन्ही बाजूंनी जोडणी लागते. सेल्सफोर्स या सीआरएमची ‘ओपन सीटीआय’ किंवा झोहो सीआरएमची ‘फोनब्रिज’ ही सोय त्यासाठीच आहे. ‘आमचे मोबाइल ॲप सगळे टिपते’ हे उत्तरही तपासून घ्यावे. आयफोन बाहेरच्या ॲपला कॉलची यादी वाचू देत नाही. अँड्रॉइडवर २०१९ पासून गूगल प्ले स्टोअरने ती परवानगी मोजक्या ॲप्सपुरती ठेवली, आणि मे २०२२ मध्ये कॉल रेकॉर्डिंगची एक मोठी पळवाटही बंद केली. तेव्हा नुसत्या क्लिकांच्या आकड्यावरून कुणाचा इन्सेंटिव्ह ठरवणे हा निव्वळ अन्याय आहे.

उरला कायदा. ‘आम्ही यंत्राने धडाधड फोन करत नाही, माणूस एकेक बटण दाबतो, मग नियम कसला?’ असे विचारले जाते. या युक्तिवादाला अमेरिकेत थोडा आधार आहे, कारण तिथल्या १९९१ च्या कायद्यात स्वयंचलित डायलरवर वेगळी बंधने आहेत. भारतात दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१८ च्या नियमावलीत मुख्य प्रश्न कॉल कशासाठी केला हा आहे. प्रचाराचा कॉल असेल तर नोंदणी हवी, ग्राहकाची पसंती पाहायला हवी, आणि तो १४० ने सुरू होणाऱ्या नंबरावरून जायला हवा. ट्रायच्या १३ ऑगस्ट २०२४ च्या आदेशात नोंदणी नसताना असे कॉल करणाऱ्याच्या सर्व लाइन दोन वर्षांपर्यंत बंद करण्याची तरतूद होती. बटण माणसाने दाबले, हा बचाव इथे चालत नाही.

सीआरएम विकायला आलेल्या माणसाला एकच प्रश्न विचारा: कॉल संपल्यावर तो किती वेळ चालला हे सॉफ्टवेअरला कोण सांगते? ‘कर्मचारी भरतो’ असे उत्तर आले, तर तुम्हाला मिळतो आहे तो साधा दुवा, आणि पैसेही दुव्यापुरतेच द्या.