‘ब्लॅकमेल’पासून ‘इत्तेफाक’पर्यंत : एक बडोदेकरी धागा

बोलपट बाल्यावस्थेत असताना इंग्रज दिग्दर्शकांनी गुन्हेकथांसाठी रंगभूमीचा आश्रय घेतला, याचा ठळक दाखला म्हणजे चार्ल्स बेनेटच्या नाटकावरून हिचकॉकने १९२९ साली काढलेला ‘ब्लॅकमेल’ होय. त्यात शेजारीण बडबडत असता तिचे इतर शब्द अस्पष्ट होत जाऊन केवळ ‘नाइफ’ हाच शब्द अपराधी नायिकेच्या कानांवर आदळत राहतो आणि पाव कापण्याची सुरी तिच्या हातून निसटते, हा प्रसंग ध्वनीच्या सामर्थ्याचा वस्तुपाठच आहे.

या परंपरेचा एक धागा आपल्या बडोद्याशी निगडित आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या गावीही नसते. माँटी डॉइल यांच्या ‘साइनपोस्ट टू मर्डर’ या इंग्रजी नाटकाच्या आधारे गुजराती रंगभूमीवर ‘धुम्मस’ अवतरले. त्यात भूमिका करणाऱ्या सरिता जोशी या माहेरच्या भोसले, मराठी घराण्यातल्या, आणि त्यांचे व त्यांच्या भगिनी पद्माराणी यांचे बालपण बडोद्यातच व्यतीत झाले.

त्याच ‘धुम्मस’वरून यश चोप्रांनी १९६९ साली ‘इत्तेफाक’ दिग्दर्शित केला. पत्नीच्या खुनाचा आरोप शिरावर असलेला चित्रकार पावसाळी रात्री वेड्यांच्या इस्पितळातून निसटून एका अनोळखी स्त्रीच्या घरात शिरतो, आणि बहुतेक सारे कथानक त्या एकाच घरात उलगडते. राजेश खन्नासमोर मास्टर विनायकांची कन्या नंदा, सलिल चौधरींचे पार्श्वसंगीत, आणि गीत मात्र एकही नाही! नाट्यवस्तूशी इमान राखणारा हा चित्रपट रसिकांनी अवश्य पाहावा. मात्र शेवट कोणास सांगू नये.