डोहाची विद्या

मेळघाटातल्या धारणीच्या उत्तरेला तापी वाहते आणि काही अंतर तीच महाराष्ट्र-मध्य प्रदेशाची सीमा होते. इथल्या सिपना, गडगा या नद्या तिच्याच खोऱ्यातल्या. उन्हाळ्यात यांची धार तुटते, पाणी उरते ते डोहांत. इथली मासेमारी या डोहांच्या ओळखीवर उभी राहिली. जाळे फेकायला हात लवकर बसतो. पण कोणता डोह कधी आटतो, पहिल्या पुरात महसीर कुठून वर चढतो, मरळ पिलांची राखण कुठल्या गवतात करतो, हे कळायला बापाबरोबर अनेक पावसाळे काढावे लागतात. ही विद्या नदीच्या नेमाशी बांधलेली आहे, आणि मोडला आहे तो नदीचा नेमच. तापीवर खाली १९७२मध्ये उकाई आणि १९८२मध्ये हतनूर धरण झाले, त्यामुळे समुद्रापर्यंतची माशांची वाट तुटली. मासेमाराची वाटही अडली: १९७४मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या गाभ्यातल्या पाण्यात जाळे टाकायला मनाई आहे.

तलावात मत्स्यबीज सोडले तर नदीपेक्षा जास्त मासळी मिळते, मग जुन्या धंद्याचा आग्रह कशाला, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे, विशेषतः कुपोषणाने होरपळलेल्या मेळघाटात. तलाव हवेतच. पण रोहू-कटला हे कार्प मासे साचलेल्या पाण्यात आपसूक वीण करत नाहीत. १९५७मध्ये हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्प माशांची वीण घडवली, त्यातून पुढे हळूहळू बीज नदीवर अवलंबून राहिले नाही. तलाववाल्याला मात्र ते पुन्हा पुन्हा आणावे लागते. नदीचा मासा स्वतःच वाढतो. त्याला मोकळी वाट आणि आटणार नाही असा डोह पुरतो.

दुसरा आक्षेप अधिक टोचरा आहे: डोहात विष कालवणारे, सुरुंग लावणारीही इथलीच माणसे ना? खरे आहे. पण ज्याचा उद्याच्या डोहावर हक्क नाही, त्याला आजच सगळे उपसावेसे वाटते. २००६च्या वनहक्क कायद्याने पाणवठ्यातल्या माशांवरचा सामूहिक हक्क मान्य केला, आणि त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाने ग्रामसभेला वन्यजीव व पाणलोट राखण्याचा अधिकार दिला. म्हणजे हक्क आणि राखण एकत्रच आली. म्हणून गाभ्याबाहेरच्या गावांनी विणीच्या दिवसांत कोणते डोह बंद ठेवायचे, कोणत्या मापाच्या जाळ्याला मज्जाव करायचा, हे ग्रामसभेत ठरवावे. त्या बैठकीत मत्स्य आणि वन खात्याच्या माणसांच्या जोडीने म्हाताऱ्या मासेमारांना बोलवावे; कोणता डोह वैशाखातही टिकतो, हे त्यांच्याकडून आत्ताच लिहून घेता येईल.