बिल कुणाच्या नावाचे?

बुलढाणा जिल्ह्यातले साखरखेर्डा इतिहासाला ठाऊक आहे ते १७२४ च्या लढाईमुळे. निजामाने मुबारिझखानाला इथे हरवले, खान पडला आणि दख्खनची सत्ता निजामाच्या हाती गेली. त्या लढाईची नोंद इतिहासाच्या पुस्तकांत आहे. पण अशा गावांतल्या घराघरांत कर्ज, वाटण्या, दारू आणि अबोला यांपायी ज्या लढाया चालतात, त्यांची नोंद कुणी आणि कशी ठेवायची?

समजा, एका घरातली सून रात्र रात्र झोपत नाही, जेवत नाही. तिला जिल्ह्याच्या ठिकाणी नेले जाते. डॉक्टर शहाणे असतील तर तिच्याबरोबर नवऱ्याला आणि सासूलाही समोर बसवतात. तासाभराच्या बोलण्यातून कळते की दुखणे एकटीचे नाही, ते घराचे आहे. मग पावती फाडली जाते. तिच्यावर नाव मात्र एकच असते : सुनेचे!

ही कारकुनी बाब वाटेल, पण तशी ती नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे. नुसत्या पावतीवर कोर्ट घटस्फोट देत नाही; विकार किती गंभीर आहे हे सिद्ध करावे लागते. तरीही संसार बिनसला की तोच कागद धाक घालायला पुरतो. घर सावरायला गेलेल्या बाईच्याच विरुद्ध तो पुरावा म्हणून उभा राहतो.

कुटुंबाला उपचारात घेणे आपल्याकडे नवे नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबू ठोकून राहायला लावले होते. उपचार असे घराला सामावून घेत गेले, कागद मात्र एका रुग्णाचाच राहिला. अमेरिकेत कौटुंबिक उपचारांच्या बिलासाठी दोन वेगळे आकडे आहेत : रुग्ण हजर असेल तर ९०८४७, नसेल तर ९०८४६. तिथेही बिल बहुधा एका रुग्णाच्या नावावर आणि त्याच्या निदानावर निघते. मात्र उपचारकाची खासगी टिपणे मुख्य केसपेपरपासून वेगळी ठेवली, तर तिथला कायदा त्यांना जादा संरक्षण देतो.

आपला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच धरायचे आहे. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावरच खर्च देतात. तासाभराच्या समुपदेशनाची फी घरच्यांच्याच खिशातून जाते. कलम २३ गोपनीयतेचा हक्क देते आणि कलम २५ आपले कागद पाहण्याचा. मात्र एकाच फायलीत सासूचे बोलणे असते, सुनेचे असते, मुलाचेही असते. एकाने ती मागितली तर बाकीच्यांच्या गुपितांचे काय? म्हणून दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी वेगळ्या ठेवणे हेच शहाणपणाचे.

यावर उपाय अवघड नाही. पहिल्या बैठकीआधीच चार गोष्टी विचाराव्यात. कागद कुणाच्या नावाने निघणार? निदान लिहिणार का, आणि ते कुणाचे? बोललेले किती उतरवणार? मागितल्यास फाईल कुणाला देणार? पावतीवर तारीख, बैठक किती वेळ चालली, हजर कोण होते, फी किती आणि उपचारकाचा नोंदणी क्रमांक एवढे असले की पुरे. घरातली भांडणे तिथे उतरवण्याचे कारण नाही.

बैठकीची फी परवडत नसेल तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या या सेवेवर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही १९९६ पासून देशात चालू आहे. जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी जरूर करावी.

आपल्या घरांत जमिनीचा सातबारा जिवापाड जपला जातो. त्यावर कुणाचे नाव चढले, कुणाचे उतरले, हे पोरासोरांनाही ठाऊक असते. मनाच्या दुखण्याचा कागद मात्र न वाचताच घडी घालून खिशात जातो. तोही एकदा उलगडून वाचावा, आणि सुनेलाही वाचायला द्यावा.