मेळघाटात जागा मिळेल काय?

मागच्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर मेळघाटातल्या एका लहानशा गावी भरले होते. निघण्याच्या आदल्या दिवशी अकोल्याचे मामा घरी आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुह्या शिबिराच्या गावात एखादा तुकडा पाह्यजो. दोन-चार एकर सस्त्यात भेटले तं घेऊन टाकू. पुढं सोन्याचा भाव येईन." मी मान डोलावली. मामांचे काम आणि शिबिर, दोन्ही एकाच खेपेत होईल असे वाटले. सात दिवसांत मामांसाठी जागा काही सापडली नाही. पण 'जागा' ह्या शब्दाचा अर्थ मात्र बराच उलगडला. तोच येथे मांडावयाचा आहे.

मेळघाट म्हणजे सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेतला मुलूख. अमरावती जिल्ह्याचे धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके त्यात येतात. परतवाडा सोडले की घाट लागतो आणि सेमाडोह, हरिसाल करीत रस्ता धारणीला जातो. अकोल्याकडच्या लोकांना पूर्वी दुसरी एक वाट होती. अकोला-खंडवा मीटरगेज गाडी आकोटहून धूळघाटचा वळसा घेत हा डोंगर ओलांडत असे. ती 2017 च्या आरंभी बंद झाली. पुढे 2022 मध्ये अकोला ते आकोट रुंद रुळांवर गाडी सुरू झाली, परंतु आकोटपुढे मेळघाटातून जाणारी ती गाडी काही परत आली नाही.

येथील मुख्य वस्ती कोरकू समाजाची. त्यांची भाषा मराठीची किंवा हिंदीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली, म्हणजे दूरच्या संथाळीची नातलग. समोरासमोर घरांच्या दोन सरळ ओळी, मधून रुंद रस्ता, बांबूच्या कुडाच्या आणि मातीने लिंपलेल्या भिंती, असे त्यांचे गाव असते. शेतात ज्वारी, मका, तूर, सोयाबीन. कोठे कोठे अजून कोदो आणि कुटकी. पण केवळ शेतावर कोणाचेही वर्ष निघत नाही. उन्हाळ्याच्या तोंडी मोहाची फुले, मग तेंदूची पाने, चारोळी, डिंक. आणि एवढे करूनही हात रिकामे राहिले की खालच्या मुलखात मजुरी. सौंदर्य पाहणाऱ्याला पावसाळ्यातला मेळघाट स्वर्ग वाटतो. परंतु नाल्याला पूर आला की आजाऱ्याला दवाखान्यात कसे न्यावे, हा प्रश्न त्याच पावसाळ्यात पडतो. 1993 साली बालमृत्यूंमुळे मेळघाटचे नाव देशभर गेले. बैरागडसारख्या आडगावी डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे ह्या दांपत्याने आपले आयुष्य का घातले, हे तो रस्ता पाहिल्यावर कळते.

आता मामांच्या प्रश्नाकडे वळू. गावात मी एका वृद्ध गृहस्थांना भीतभीतच जमिनीचा भाव विचारला. ते रागावले नाहीत. हसून म्हणाले, "भाव तर विकणाऱ्याला लागतो. आम्ही विकून राहायचे कुठे?" पुढे आमच्या सरांनी आणि गावच्या तलाठ्यांनी समजावून दिले तेव्हा कळले, की गावात जमीन एक नसते, तीन असतात.

पहिली सातबारावरची शेती. मेळघाटात ती बहुतेक आदिवासी खातेदारांच्या नावे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 चा, पण 1974 मध्ये त्यात कलम 36-अ घातले गेले. त्यानुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकता, देणगी देता किंवा बदल्यात देता येत नाही. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि तिच्यामागे राज्य शासनाची मान्यता लागते. पाच वर्षांपर्यंतच्या गहाणाला किंवा पट्ट्यालासुद्धा जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी हवी. शिवाय विदर्भाच्या 1958 च्या कुळकायद्याप्रमाणे शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो. मामा शेतकरी आहेत. पण आदिवासी नाहीत. ते दार तेथेच बंद झाले.

दुसरी जमीन वनहक्काची. पिढ्यान् पिढ्या कसूनही ही शेते सरकारदरबारी 'वन' म्हणूनच नोंदलेली होती आणि कसणारा अतिक्रमक ठरत होता. 2006 च्या वनहक्क कायद्याने हे चित्र बदलले. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन कसत असलेल्या आदिवासी कुटुंबाला, प्रत्यक्ष ताब्यात असेल तेवढ्या आणि जास्तीत जास्त 4 हेक्टर जमिनीवर हक्क मिळतो. तो पती-पत्नी दोघांच्या नावे असतो. तो मुलाबाळांकडे वारशाने जातो, पण विकता येत नाही.

तिसरी जमीन कोणा एकाची नव्हेच. चराई, मोह, तेंदू, बांबू ह्यांचे जे रान, त्यावर त्याच कायद्याने ग्रामसभेला सामूहिक हक्क मागता येतो. एकट्याची सही घेऊन तिचा सौदा होऊच शकत नाही.

मला आधी हे सारे जाचक वाटले. आपली जमीन विकण्याची मोकळीक माणसाला का नसावी? उत्तर इतिहासात आहे. सणासाठी किंवा आजारपणासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि शेत त्याच्या नावे होऊन बसायचे, हे महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत इतके घडले, की 1974 मध्ये विधिमंडळाला जमिनी परत करण्याचा स्वतंत्र कायदा करावा लागला. त्याने 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 ह्या काळात हातून गेलेल्या जमिनी आदिवासींना परत मिळण्याची सोय केली. अशी बंदी केवळ आपल्याकडेच आहे असेही नाही. इंडोनेशियात 1960 च्या भूमिकायद्याने परक्या नागरिकाला जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही. फार तर वापराचा मुदतबंद हक्क मिळतो. ज्याच्याजवळ पैसा थोडा आणि जमीन हेच सर्वस्व, त्याच्यासाठी खुला बाजार म्हणजे बेदखलीचा राजमार्ग होतो, हे दोन्हीकडे ओळखले गेले.

मात्र मेळघाटात जमिनीला पैशांत मोल लावले जाते असाही एक प्रसंग आहे. येथे 1973-74 पासून व्याघ्रप्रकल्प आहे. त्याच्या गाभ्यातल्या गावांचे पुनर्वसन करण्यात येते. बोरी, कोहा आणि कुंड ही गावे ह्या शतकाच्या आरंभी उठून आकोटकडे आली. त्यांच्यामागून आणखी गावे आली. 2008 पासून प्रत्येक कुटुंबाला दहा लाख रुपये असा दर होता. 2021 मध्ये तो पंधरा लाख झाला. कुटुंबाने एकतर सर्व रोख घ्यावी, नाहीतर वनखात्याकडून जमीन, घर आणि सोयी घ्याव्यात, असे दोन पर्याय आहेत. दुसऱ्या पर्यायात दहा लाखांपैकी 35 टक्के रक्कम 2 हेक्टर शेतीसाठी धरलेली होती. म्हणजे साडेतीन लाखांत सुमारे पाच एकर, एकरी सत्तर हजार. आकोटच्या काळ्या जमिनीचा एकरी भाव काही लाखांत बोलला जातो, हे वाचकांना सांगावयास नकोच.

परतताना आम्ही अशाच एका पुनर्वसित गावी थांबलो. पक्की घरे होती, वीज होती, डांबरी सडक होती, दवाखाना जवळ होता. हे लाभ खोटे नाहीत. तरुण मुलांना ते हवेच होते. पण अंगणात बसलेल्या एका आजी म्हणाल्या, "तिथे सरपण, भाजी, मोह विकत घ्यावे लागत नव्हते." दहा लाखांच्या हिशेबात ह्या वस्तूंचा रकाना नाही. बँकेतला पैसा खर्चाने कमी होतो. मोहाचे झाड दरवर्षी पुन्हा फुलते. 2019 च्या जानेवारीत काही पुनर्वसित गावांचे लोक पुन्हा जंगलात आपल्या जुन्या जागी गेले आणि तेथे संघर्ष होऊन दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. त्या घटनेचे मूळ ह्या न मांडलेल्या रकान्यातही शोधावे लागेल. कायद्याप्रमाणे असे स्थलांतर ग्रामसभेच्या आणि कुटुंबाच्या संमतीनेच व्हावयास हवे. ती संमती पुरती समजून दिलेली असावी, एवढीच अपेक्षा.

ह्याच्या उलट उदाहरण परतवाड्याजवळच्या पायविहीर गावाचे आहे. तेथील ग्रामसभेला 2012 मध्ये सुमारे 192 हेक्टर रानावर सामूहिक वनहक्क मिळाला. रान बहुतांशी उजाड होते. गावकऱ्यांनी ते राखले, झाडे लावली, सीताफळे एकत्र विकू लागले. हाताला गावातच काम मिळू लागले. 2014 मध्ये ह्या गावाला जैवविविधतेचा पुरस्कारही मिळाला. एक चौरस फूटही न विकता जमिनीची किंमत वाढली, असे मी ह्याला म्हणेन.

घरी आल्यावर मामांना सारे सांगितले. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तिथं आपल्यासाठी काईच नाई?" मी म्हटले, "मामा, विकत घेण्यासारखे नाही. सीताफळे मात्र मिळतात." मामा हसले. आपलेही पाच एकर आहेत, भाव आला म्हणून तुम्ही ते विकाल का, असे मी विचारले तेव्हा मात्र ते हसले नाहीत. "ते काहून विकू?" म्हणाले. शिबिराच्या गावातल्या त्या वृद्ध गृहस्थांनीही मला दुसरे काय सांगितले होते?