दुसरं बिऱ्हाड मांडताना

गळीत हंगाम आटोपतो, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी परततात आणि वैशाखाच्या उन्हात आपल्या कार्यक्षेत्रातल्या बऱ्याच घरी एकच विषय निघतो. मुलीची दहावी झाली, पुढं पुण्याला ठेवायचं तर कुठं आणि कुणाजवळ? वसतिगृह, खानावळ, क्लासची फी असा सगळा हिशेब मांडून झाला की थोरल्या बाई म्हणतात, "त्यापेक्षा धाकटीनंच पोरांना घेऊन जावं. दोन खोल्या बघा अन् लावा बिऱ्हाड." बोलणं दोन मिनिटांत होतं. पुढं निस्तरायला मात्र दोन वर्षं लागतात. म्हणून ह्या अंकात ऊस, पाणी, खत बाजूला ठेवून आम्ही बिऱ्हाडाबद्दल लिहायचं ठरवलं आहे.

नोकरदार माणूस बदली झाली की सगळा संसार उचलून जातो. मागं काही उरत नाही. आपलं तसं नसतं. गावचं घर, गोठा, विहिरीवरची मोटार, म्हातारी माणसं जागच्या जागीच असतात आणि एकाच घरच्या दोन चुली होतात. तेव्हा काय न्यायचं, ह्याच्याइतकंच काय ठेवायचं हेही ठरवावं लागतं. भांडणं होतात ती ह्याच जागी.

आपल्या भागातली बिऱ्हाडं पुण्यात बहुधा मार्केट यार्डाच्या आसपासच पडतात. गुलटेकडी, महर्षीनगर, बिबवेवाडी, अप्पर. पाहुणेरावळे तिकडं आहेत, एवढंच त्याचं कारण नाही. गावाकडचा माल रोज रात्री यार्डात येतो. पुरंदरचा वाटाणा, जुन्नरचा टोमॅटो, दौंडकडचा गूळ, आणि आपल्याही शिवारातली भाजी. ज्याच्या शेजाऱ्याचा टेम्पो पहाटे तीन वाजता यार्डात लागतो, त्याच्या घरची ज्वारी, तूप, शेंगदाणे, निरोप आणि कधीकधी रुसवासुद्धा त्याच टेम्पोनं पोचतो. स्वारगेटचा एस.टी. स्टँडही जवळ. आजारपणात गावाहून माणूस यायचं म्हटलं तर सोलापूर रस्त्यानं या नाहीतर सातारा रस्त्यानं, यार्ड दोन्हीच्या मध्येच पडतं. भाडं इतरत्र थोडं कमी मिळालं तरी हा धागा तुटतो, हे खोली बघताना ध्यानात घ्यावं.

हा बाजारसुद्धा एके काळी बिऱ्हाड हलवूनच इथं आला. पूर्वी पुण्यात गूळ आणि भुसाराचा घाऊक व्यापार नाना पेठ-भवानी पेठेत चाले आणि भाजीपाला मंडईत. ही मंडई १८८६ सालची. तिचं रे मार्केट हे नाव जाऊन पुढं महात्मा फुले मंडई झालं. पेठांतल्या गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या. मालट्रक आले तशी तिथं कोंडी होऊ लागली. बाजारांचं नियमन करणारा राज्याचा कायदा १९६३ साली झाला, आणि पुढच्या काळात एकेक बाजार टप्प्याटप्प्यानं गुलटेकडीला हलला. सगळा एका दिवसात आला नाही आणि सगळाच आलाही नाही. लाकडाचा बाजार भवानी पेठेत राहिला तो अजून तिथंच आहे. व्यापाऱ्यांना गाळे मिळाले, पण हमालांचं काय? खोपट पेठेत आणि पोटापाण्याचा धंदा गुलटेकडीला, अशी त्यांची ओढाताण झाली. पुढं यार्डाच्या बाजूलाच हमालनगर वसलं. गाळा हलवला तरी त्याच्याबरोबर माणूस कुठं राहील, जेवील काय, हा प्रश्न मागून येतोच. आपल्या दोन खोल्यांनाही तो चुकलेला नाही.

आता मुद्द्याचं. एकत्र कुटुंबातून धाकटी जाऊ भांडी बांधू लागली की आळीत बोललं जातं, "वाटणी झाली वाटतं." बाहेरचे बोलतात त्याचं काही नाही, पण घरातल्यांच्या मनातही तेच येतं. पितळी घागर कुणी नेली, सासूबाईंचा पाटा कुणी हलवला, मोठा पातेला गेला तर श्राद्धाला काय करायचं, अशा बारीकसारीक गोष्टींवरून दोन भाऊ वर्षभर बोलत नाहीत, हे आम्ही एकाहून अधिक घरी पाहिलं आहे. कायद्याच्या दृष्टीनं नुसती चूल वेगळी झाली किंवा कोणी परगावी राहू लागला, एवढ्यावरून जमिनीची वाटणी ठरत नाही. पण मनातली वाटणी कायदा विचारून होत नाही.

ह्यावर आमच्या पाहण्यातला एक चांगला उपाय असा, की ट्रक ठरवण्याच्या आधी, निदान पंधरा दिवस, सगळ्यांनी एकदा ओसरीवर बसावं आणि वही घालावी. वही म्हणजे पोरांच्या शाळेची दोनशे पानी चालेल. तिच्यात एका बाजूला पुण्याला काय जाणार आणि दुसऱ्या बाजूला मागं काय राहणार हे लिहावं. बायकांनी बोलावं आणि पुरुषांनी लिहावं. उलट केलं की वहीत कपाट, पलंग आणि टी.व्ही. येतो आणि पोळपाट राहून जातो. त्याच बैठकीत पैशाचंही ठरवून टाकावं. पुण्याचं भाडं आणि फी कुणाच्या उसाच्या बिलातून जाणार? बिल हप्त्याहप्त्यानं येतं, भाडं मात्र दर महिन्याला द्यावं लागतं. मधल्या महिन्यांची तजवीज दुधाच्या पैशातून की सोसायटीच्या कर्जातून? बैठकीत हे बोलायला जड जातं, पण श्रावणात घरमालक दारात उभा राहिला म्हणजे ते फार जड जातं.

धान्याबद्दल एक शब्द. वर्षाची ज्वारी-गहू एकदम नेण्याची आपली सवय दोन खोल्यांत चालत नाही. पोती ठेवायला जागा नाही, कोंदट हवेत पोरकिडे होतात, आणि तिसऱ्या मजल्यावर पोतं चढवायची हमाली वेगळी. महिन्याचं धान्य महिन्याला टेम्पोनं यावं. बंब, घंगाळ, पाटा, मोठी पिंपं गावीच असू द्यावीत. रेशनकार्डावरचं धान्य आता राज्यात दुसऱ्या ठिकाणच्या दुकानातही अंगठा लावून घेता येतं, त्यामुळं कार्ड फोडायची घाई करू नये. कार्ड फोडलं की पुन्हा तो वाटणीचा वास येतो.

सामान बांधण्याची विद्या शिकायची असेल तर यार्डात एक पहाट उभं राहावं. आम्ही राहिलो. हमालांची टोळी ट्रकचा फाळका पाडते तेव्हा एकही डाग उगीच हलत नाही. जड खाली, हलकं वर; आधी उतरायचं ते फाळक्याजवळ, शेवटी उतरायचं ते केबिनला लावून. घरसामान भरताना आपण नेमकं उलटं करतो. चहाचं सामान, चादरी आणि पोरांची दप्तरं सगळ्यांत आधी आत ढकलतो आणि रात्री अकराला ती शोधत बसतो. फळबाजारात आंब्याच्या पेटीत पेंढा घालतात, तसा काचेच्या बरण्यांना आणि देवाच्या तसबिरींना घालावा. फळांचे रिकामे खोके आणि जुनं बारदान गाठोड्यांपेक्षा बरं. थप्पी नीट लागते. प्रत्येक डागावर खडूनं आकडा टाकावा आणि तोच आकडा वहीत लिहावा. आपण अडत्याकडून हिशेबपट्टी घेताना डाग मोजतो की नाही? मग घरचे डाग न मोजता का सोडावेत?

आणि डाग भरताना तो उचलणाऱ्याचा विचार करावा. आपल्या साखरेचं पोतं पूर्वी १०० किलोचं असे, जुन्या सभासदांना ते आठवत असेल. आता ते ५० किलोचं झालं. आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेनं १९६७ सालीच प्रौढ पुरुषाच्या अंगावर ५५ किलोंहून जास्त ओझं नसावं अशी शिफारस केली होती. हमालांच्या संघटनांनी ह्यासाठी पुष्कळ झगडा दिला. महाराष्ट्राचा माथाडी कायदा १९६९ सालचा, तोही असाच पदरात पडलेला. अशा वेळी आपण एका ट्रंकेत पितळ, पुस्तकं आणि खलबत्ता कोंबून "जरा उचला हो" म्हणायचं, हे शोभत नाही. ट्रंकेत कपडे भरावेत आणि पितळ दोन खोक्यांत वाटून टाकावं.

हमाली आधी ठरवावी. किती डाग, कोणता मजला, लिफ्ट आहे की जिना, गाडी दारापर्यंत जाते की कोपऱ्यावर थांबते, एवढं मुकादमाला खरं सांगावं आणि उक्ती रक्कम बोलून घ्यावी. ट्रकवाल्याचंही तसंच: भाडं, विसार, टोल कुणाचा, थांबण्याचे तास किती. आम्हाला माहीत असलेल्या एका घरी पहिला मजला सांगितला होता आणि निघाला चौथा. भर रस्त्यात तासभर वादावादी चालली आणि तोवर आभाळ भरून आलं. त्यात दोष हमालांचा होता असं आम्हाला वाटत नाही.

वार कोणता धरावा? यार्डातला फळं-भाजीपाला विभाग शनिवारी बंद असतो आणि रविवारी मोठी आवक. रविवारी सकाळी त्या बाजूला घरसामानाचा ट्रक घालणं म्हणजे दुपारपर्यंत गाडीत बसून राहणं. शनिवार बरा. वडीलधाऱ्यांना वार चालत नसेल तर देव, मीठ आणि पाण्याची कळशी आधी चांगल्या दिवशी नेऊन ठेवावी, दूध उतू घालावं, म्हणजे प्रवेश झाला. कपाटाला मुहूर्त लागत नाही. पुण्यात जड वाहनांना ठरावीक वेळी ठरावीक रस्त्यांवर बंदी असते, तेव्हा ड्रायव्हरला विचारून निघायची वेळ ठरवावी. बायकामुलांना सामानावर बसवून आणू नये. अपघात झाला तर जीव जातो, आणि मालगाडीतल्या प्रवाशाला विम्याची भरपाई मिळतानाही अडचण येते. त्यांनी एस.टी.नं स्वारगेटला उतरावं. पहिल्या दिवशी चूल पेटवण्याचाही अट्टाहास नको. हमाल पंचायतीनं १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली, ती मुळात कष्टकऱ्यांना स्वस्तात पोटभर मिळावं म्हणून. दिवसभर डाग उचलून दमलेलं कुटुंब त्या दिवशी तरी कष्टकऱ्यांतच मोडतं.

कागदांचं थोडक्यात सांगतो. शाळा सोडल्याचा दाखला सुट्टीत कार्यालय बंद होण्याआधी हातात घ्यावा. गॅसचं कनेक्शन दुसऱ्या गावी न्यायचं तर टाकी आणि रेग्युलेटर गावच्या एजन्सीत जमा करून बदलीचं व्हाउचर घ्यावं. गावची चूल चालू राहणार असेल तर हे करूच नये. पुण्यात वेगळं कनेक्शन घ्यावं. भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे, पण पुढं अडचण भाडेकरूची होते, म्हणून आपणच आठवण द्यावी. अनामत रकमेची पावती घ्यावी. सभासदाचा कारखान्याकडचा पत्ता मात्र विचार करून बदलावा. सभेची नोटीस नोंदलेल्या पत्त्यावर जाते. शेतीचा कारभार बघणारा गावी असेल तर गावचाच पत्ता ठेवलेला बरा. आणि आडसाली लागणीची नोंद करायचे दिवस नेमके शाळा सुरू होण्याच्या मागोमाग येतात. पोरांच्या प्रवेशाच्या धावपळीत नोंद राहिली, तर तोडणीच्या पाळीला त्याचा त्रास होतो. नोंद कोण करणार, त्याचं नावही त्याच वहीत असावं.

मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांबद्दल कुणी लिहीत नाही. नातवंडं गेली की घर एकदम मुकं होतं. औषधं कोण आणणार, रात्री सोबतीला कोण झोपणार, पुण्याहून आठवड्याला फोन कुणी करायचा, हे ठरवलेलं बरं. आम्ही पाहिलेल्या एका घरी आजोबांनी स्वतःच तोड काढली. दर शनिवारी संध्याकाळी भाजीच्या टेम्पोबरोबर ते एक डबा पाठवतात. कधी कणसं, कधी हुरडा, कधी नुसत्या चिंचा. रविवारी पहाटे नातू यार्डात जाऊन डबा घेतो आणि परतीच्या गाडीला आदल्या आठवड्याचा रिकामा डबा देतो. त्यात चिठ्ठी असते. चिठ्ठीत मार्क असतात, ते बरे नसले तर डबा एक आठवडा उशिरा येतो.