आजीची बोरमाळ खरंच शंभर नंबरी?

उसाचं बिल जमा झालं की निरवांगी गावातून इंदापूरच्या नाहीतर बारामतीच्या सराफाकडे जाणारी घरं आजही आहेत. शेतकऱ्याघरचं सोनं हौसेपेक्षा अडीनडीचं असतं. बोअर आटली, दवाखाना लागला, लेकीचं लग्न ठरलं, की तेच मोडायचं. म्हणून सोन्याबद्दलचा चुकीचा समज इथं फार महागात पडतो.

सगळ्यात पक्का समज म्हणजे जुनं सोनं शुद्धच असतं. पण मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, जानेवारी 1963 मध्ये, सुवर्ण नियंत्रण नियम आले आणि 14 कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. 14 कॅरेट म्हणजे हजार भागांत सोनं फक्त 585. असंख्य सोनारांचा धंदा बसला. ही मर्यादा 1966 मध्ये उठली, पण त्या काळात घडलेला दागिना आजीचा असला तरी 22 कॅरेटचा असेलच असं नाही. शिवाय बोरमाळेचे मणी पोकळ असतात आणि आत लाख भरलेली असते. मोडताना वजन कमी भरलं की आपण सोनाराकडे संशयानं बघतो. कधी कधी कमी झालेली असते ती लाखच.

तोळ्याचंही तसंच. आजीचा तोळा 12 माशांचा, मासा 8 गुंजांचा, म्हणजे तोळा 11.66 ग्रॅमचा. आजचा बाजारातला तोळा 10 ग्रॅमचा. लग्नाच्या जुन्या यादीतले 6 तोळे म्हणजे जवळजवळ 70 ग्रॅम. वाटणीच्या वेळी हा फरक आधी बोलून घ्यावा.

‘केडीएम आहे’ असं ऐकलं की अनेकांना ती शुद्धतेची खूण वाटते. केडीएम म्हणजे सोन्यात कॅडमियम मिसळून केलेला डाक, दागिन्याचे सांधे जोडायचा. त्याची वाफ कारागिराच्या फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक असते. भारतीय मानकात त्याला जागा नाही.

चुंबकाला चिकटत नाही म्हणजे सोनं, हेही खरं नाही. तांबं, पितळ आणि चांदीही चिकटत नाहीत.

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारा समज: सोन्याला काही होत नाही. गंज चढत नाही हे खरं. पण नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात, म्हणजे अम्लराजात, सोनं विरघळतं. दारावर येऊन ‘पॉलिश करून देतो’ म्हणणारा भामटा याचाच फायदा घेतो. बांगडी चकचकीत होऊन परत येते, पण वजनानं हलकी, आणि उरलेलं सोनं त्याच्या भांड्यात असतं. आम्लांची हीच विद्या प्रामाणिक कष्टानं वापरणारेही आपले शेजारीच आहेत. नीरा नदी ओलांडून माळशिरसच्याही पलीकडे गेलं की आटपाडी, खानापूर, विटा लागतं. त्या दुष्काळी भागातले गलाई व्यावसायिक देशभरातल्या सराफपेठांत सोनं-चांदी शुद्ध करतात, सोनाराच्या दुकानातल्या केरातूनही सोनं काढतात.

एवढी काटकसर का? माणसानं आजवर खाणीतून काढलेलं सगळं सोनं जेमतेम सव्वा कोटी लिटरच्या एका शेततळ्यात मावेल.

मग खात्री कशी करायची? हॉलमार्कच्या तीन खुणा बघा: बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (22 कॅरेटला 916) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक. हा क्रमांक मोबाईलवर ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की दागिन्याची नोंद दिसते. 2 ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला आणि वर्षाला 40 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सराफाला हॉलमार्कची सक्ती नाही, तेव्हा तिथं पावतीवर शुद्धता, वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या.

हॉलमार्क नसलेलं जुनं सोनं विकता येत नाही, ही भीतीही खोटी. ते विकता येतं. पण त्याआधी बीआयएसची मान्यता असलेल्या केंद्रात तपासून घ्या. चार दागिन्यांपर्यंतचं शुल्क 200 रुपये आहे. मोड घालायला निघाल तेव्हा आधी तिथं जा, मग सराफाकडे.